डावा नमुना

कंपनीचं पत्र आलं तेव्हा तपासनिसांनी ते जिन्यातच उभं राहून मोठ्यानं वाचलं, आणि पहिली चूक तिथंच झाली. पत्रात लिहिलं होतं की रेस्टॉरंटच्या उभारणीबाबत कंपनी फ्रँचायझीला, म्हणजे शाखा घेणाऱ्याला, सर्वतोपरी मार्गदर्शन करील. तपासनिसांनी वाचलं की कंपनी सर्वतोपरी उभारणी करील. 'मार्गदर्शन' हा शब्द नेमका कागदाच्या घडीत आला होता, असं त्यांनी नंतर बायकोला सांगितलं. बायकोनं पत्र उलगडून पाहिलं. घडी दुसरीकडे होती.

"म्हणजे तुम्हाला काहीच करायचं नाही?" समोरच्यांनी विचारलं. समोरचे म्हणजे समोरच्या दारातले निवृत्त बँक मॅनेजर. त्यांना नाव असणारच, पण इमारतीत सगळे त्यांना समोरचेच म्हणत. त्यांची बायकोसुद्धा.

"काहीच नाही. जागा दाखवायची, सही करायची. इमारत कंपनीची, यंत्रं कंपनीची, पाटी कंपनीची. आपण केबिनमध्ये बसायचं."

"मग त्यांना तुमची गरज काय?"

हा प्रश्न तपासनिसांना लागला. पण ते नुसतं मोठ्या माणसासारखं हसले आणि घरात आले.

तपासनीस हे त्यांचं आडनाव नव्हतं. नगर कार्यालयात अठ्ठावीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांचे नकाशे तपासले, त्यातले निम्मे परत पाठवले. निवृत्तीनंतर खुर्ची सुटली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. घरात बसून बसून त्यांनी बायकोच्या डब्यांना नंबर घालायला सुरुवात केली, तेव्हा तिनंच म्हटलं, "अहो, काहीतरी करा. बाहेर करा." मग जाहिरात दिसली. बर्गरची एक बडी कंपनी गावोगावी शाखा देत होती. बर्गर तपासनिसांनी आयुष्यात दोनदा खाल्ला होता, आणि दोन्ही वेळा त्याचा मधला भाग शर्टावर पडला होता. पण शाखाप्रमुख हा शब्द त्यांना आवडला.

आठ दिवसांनी मॅन्युअल आलं. आणणाऱ्या माणसानं ते दोन्ही हातांनी दिलं, इतकं ते जड होतं. तपासनिसांनी चष्मा पुसला, पहिली तीन पानं मान डोलावत वाचली आणि चौथ्या पानावर त्यांची मान थांबली. परवानग्या काढणं, ठेकेदार नेमणं, सांडपाण्याची सोय, खांबावरची पाटी, गाड्यांची गल्ली आणि या सगळ्यावर देखरेख करणं ही फ्रँचायझीची जबाबदारी राहील, असं तिथं स्वच्छ छापलं होतं.

'राहील'! हा शब्द त्यांनी स्वतः हजारो पत्रांत लिहिला होता. 'भिंतीची जबाबदारी अर्जदाराची राहील.' 'गटाराची जबाबदारी अर्जदाराची राहील.' लिहिताना किती हलका वाटायचा! अंगावर आल्यावर तो केवढा वजनदार आहे हे त्यांना पहिल्यांदा कळलं. त्यांनी मॅन्युअल मिटलं आणि पुढचं सवडीनं वाचू असं ठरवलं. अठ्ठावीस वर्षं परक्यांचे कागद वाचलेल्या माणसाला स्वतःचे कागद वाचायचा फार कंटाळा येतो. ती सवड काही आली नाही.

खरं तर त्याच दिवशी जिन्यात जाऊन सांगायला हवं होतं की बाबांनो, माझी वाचण्यात चूक झाली. पण सगळ्या इमारतीला फुशारकी ऐकवून झाली होती. मग ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून 'कंपनीचं काम कसं चाललंय ते बघून येतो' म्हणून निघायला लागले. हे चौदा दिवस चाललं. पंधराव्या दिवशी समोरच्यांना त्या रस्त्यानं जाताना दिसलं की तपासनीस चिखलात उकिडवे बसून मोजपट्टीचं टोक धरून आहेत.

"कंपनी कुठंय?" समोरच्यांनी गाडीची काच खाली करून विचारलं.

"येतीये," तपासनीस म्हणाले. त्यांच्या हातातून टोक सुटलं आणि पट्टी सर्रकन परत जाऊन ठेकेदाराच्या बोटावर बसली.

ठेकेदार हा चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस होता. कंपनीच्या मान्यताप्राप्त यादीत त्याचं नाव होतं. बाजूच्या दोन गावांत त्यानं कंपनीची दुकानं बांधली होती, पण ती साधी, आत जाऊन खाण्याची. गाडीतून न उतरता खिडकीतून खाणं घ्यायचं, ज्याला ड्राइव्ह-थ्रू म्हणतात, ते असलेलं हे त्याचं पहिलंच काम. त्यानं बोट तोंडात घातलं, पण शब्द काढला नाही. हा त्याचा स्वभाव पुढे तपासनिसांना फार महागात पडला, किंवा स्वस्तात. ते तुम्हीच ठरवा.

परवानगीसाठी तपासनीस आपल्याच जुन्या कार्यालयात गेले. त्यांची कल्पना होती की दारातच चहा येईल. त्यांच्या खुर्चीवर आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेला कनिष्ठ बसला होता. तो उठला, वाकून नमस्कार केला, नकाशा उलगडला, आणि दोन मिनिटांत परत गुंडाळला.

"सर, उत्तर दिशेचा बाण नाही."

"अरे, उत्तर कुठं पळून जातीये का? खिडकीतून बघ, तिकडंय."

"तुम्हीच शिकवलंत, सर. बाण नाही तर नकाशा नाही."

तपासनीस बाण काढून परत आले तर कनिष्ठ जेवायला गेलेला. ते बाहेरच्या बाकावर बसले. हा बाक त्यांनीच तिथं ठेवायला लावला होता. त्याचा एक पाय आखूड होता आणि त्याबद्दल आलेल्या तीन तक्रारी त्यांनी स्वतः दप्तरी दाखल केल्या होत्या. शेजारी एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बोलायला माणूस मिळाल्याचा बाईंना आनंद झाला.

"हा हल्लीचा बरा म्हणायचा," बाई म्हणाल्या. "याच्या आधी एक होता. माझ्या घरचा जिना चार वेळा परत पाठवला त्यानं. सासूबाई शेवटपर्यंत शिडीनं वर जायच्या."

तपासनिसांनी विचारलं, "कसा होता दिसायला?"

"चेहरा कोण बघतं हो! मान वर करून बघितलंच नाही त्यानं कधी. चष्मा तेवढा आठवतो."

तपासनिसांनी चष्मा काढून खिशात ठेवला. त्यामुळे पुढचा अर्धा तास त्यांना काहीच नीट दिसलं नाही, आणि कनिष्ठ परत आला तेव्हा ते भलत्याच माणसाला 'काय रे, झालं का जेवण?' म्हणाले. तो माणूस कार्यालयाचा प्रमुख निघाला.

बाण पेन्सिलीचा होता म्हणून नकाशा परत आला. मग शाईचा बाण. मग पाटीच्या खांबाची उंची. कंपनीला खांब उंच हवा, कार्यालयाला बुटका. तो वाद मिटेपर्यंत तो खांब महिनाभर मोकळ्या जागेत आडवा पडून होता आणि येणारे-जाणारे त्यावर बसून गप्पा मारत होते. तपासनीस पाच वेळा त्या बाकावर बसले. पाचव्या वेळी त्यांनी घरून लाकडाची चकती नेऊन आखूड पायाखाली घातली. कोणाला सांगितलं मात्र नाही.

या धावपळीत कंपनीचा एक साधा फॉर्म आला. गाड्यांच्या गल्लीचे दोन नमुने होते, डावा आणि उजवा. आपल्या जागेला लागू असेल त्यावर खूण करा. गाडी नमुन्यातल्या अंगानं, म्हणजे डावीकडून किंवा उजवीकडून, आत शिरणार, इमारतीच्या मागून वळसा घेणार, दुसऱ्या अंगाच्या खिडकीशी थांबून खाणं घेणार आणि बाहेर पडणार, एवढाच त्याचा अर्थ. तपासनीस रस्त्यावर उभे राहिले, जागेकडे तोंड केलं, दोन्ही हात पसरून पाहिले आणि 'डावा' वर बरोबरची ठसठशीत खूण केली. खाली सही. सहीवर घरातला जुना शिक्का, 'तपासले, बरोबर आढळले'. हा शिक्का खरं तर निवृत्तीच्या दिवशी जमा करायचा होता. तो चुकून पिशवीत आला होता, असं तपासनीस स्वतःला सांगत असत.

मॅन्युअलच्या एकशे बाराव्या पानावर लिहिलं होतं की डावं-उजवं हे इमारतीच्या आत उभं राहून, रस्त्याकडे तोंड करून ठरवावं.

बांधकाम जोरात सुरू झालं. तपासनिसांनी साइटवर एक खुर्ची टाकली आणि वर मोठी छत्री लावली. एके दिवशी ठेकेदार खुर्चीशी आला. त्याच्या हातात खडू होता.

"साहेब, एक विचारू? गाडी इकडून आली ना, तर खिडकी चालवणाऱ्याच्या हाताशी येत नाही. पलीकडच्या बाजूला येते."

"नकाशा काय म्हणतो?"

"नकाशा असाच आहे. पण..."

"मग झालं तर. अठ्ठावीस वर्षं मी नकाशे वाचतोय. तुम्ही विटा लावा."

दोन दिवसांनी ठेकेदार परत आला. या वेळी त्यानं जमिनीवर खडूनं इमारत काढली होती, गल्ली काढली होती, आणि आपला टेम्पो त्या गल्लीत उभा केला होता. "साहेब, फक्त उठून इथं बसून बघा एकदा. दोन मिनिटं."

तपासनिसांना उन्हाचा त्रास होत होता. त्यात समोरचे फेरफटका मारायला म्हणून आलेले, शेजारी उभे. त्यांच्यादेखत ठेकेदाराच्या सांगण्यावरून टेम्पोत चढून बसायचं? "अहो, एवढी मोठी कंपनी चुकीचा नकाशा देईल का?" ते मोठ्यानं म्हणाले. "पाहिजे तर लिहून देतो." आणि त्यांनी ठेकेदाराच्या नकाशावरही तो शिक्का मारला, सही केली, तारीख घातली. ठेकेदारानं नकाशाची गुंडाळी केली, टेम्पोत ठेवली आणि विटा लावल्या.

सगळं उभं राहिलं तेव्हा फारच देखणं दिसत होतं. रंग झाला, तळणीची यंत्रं बसली, काचेची सरकती खिडकी बसली. उद्घाटनाआधी एकदा चाचणी घ्यायची होती, कंपनीच्या बाई तपासणीला येणार होत्या. चाचणीची गाडी म्हणून समोरच्यांनी आपली नवीकोरी गाडी देऊ केली. शेजारी त्यांच्या बायको बसल्या. तपासनीस स्वतः खिडकीत उभे राहिले, डोक्यावर कंपनीची टोपी. कंपनीच्या बाई मोबाइलवर फोटो घेत बाजूला उभ्या होत्या.

गाडी झोकात आत शिरली, मागून वळली आणि खिडकीशी येऊन थांबली. तपासनिसांनी काच सरकवली, हसऱ्या चेहऱ्यानं थंड पेयाचा पेला पुढे केला, आणि त्यांच्या समोर समोरच्यांची बायको आली. समोरचे पलीकडे होते, लांब, जणू दुसऱ्या गावात.

"इकडे द्या," समोरचे म्हणाले आणि पट्टा सोडून बायकोच्या अंगावरून हात लांब करायला लागले. पेला दोघांच्या मधे आला. झाकण निघालं. पुढे काय झालं ते सांगायला नको. त्या माउलींनी खास त्या दिवसासाठी पांढरे कपडे घातले होते.

तळणीच्या यंत्राची शिट्टी तेवढी वाजत राहिली.

समोरच्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली, कारण तो त्यांचा स्वभाव होता. "एक करा. प्रत्येक गिऱ्हाइकानं शेजारी एक माणूस बसवून यावं, अशी पाटी लावा." मग म्हणाले, "किंवा गाड्या उलट्या गियरमध्ये आणा." मग एक बरा सल्ला निघाला, "गल्लीच उलटी फिरवा ना! बाहेर पडायच्या बाजूनं आत घ्या."

"मग खिडकी रस्त्यापासून दहा पावलांवर येते," ठेकेदार हळूच म्हणाला. "तीन गाड्या आल्या की रांग रस्त्यावर."

कंपनीच्या बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "खिडकी, स्वयंपाकघर, सगळं फिरवावं लागेल. उद्घाटन पुढं जाईल. पण हे झालं कसं?"

"ठेकेदार!" समोरचे ओले हात झटकत म्हणाले. "दुसरं कोण? डावं-उजवं कळत नाही या लोकांना."

बाईंनी तपासनिसांकडे पाहिलं. ठेकेदारानंही पाहिलं. त्या एका क्षणात तपासनिसांना दिसलं की बोलायला जागा आहे, मोकळी, स्वच्छ जागा, आत पाऊल टाकलं की काम झालं. त्यांनी खाली पाहिलं. त्यांच्या बुटावर सिमेंटचा एक थेंब वाळला होता. तो ते इतक्या काळजीनं बघत राहिले की जणू त्याच्यावरच काही लिहिलं आहे.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "यांचं नाव यादीतून काढायची शिफारस करते. सध्या चालू असलेली कामंही थांबवू."

ठेकेदारानं खिशातला रुमाल काढला, खिडकीच्या काचेवर उडालेलं पेय पुसलं, आणि टेम्पो घेऊन गेला.

त्यानंतरचे दिवस तपासनिसांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. ते जिन्यानं जायचे ते बुटांचा आवाज न करता. जेवताना पानाकडे पाहायचे. आंघोळीला गेले की तासभर बाहेर यायचे नाहीत. सगळी इमारत त्यांच्याशी हळहळून बोलत होती, आणि तेच सर्वांत वाईट होतं. "फसवलं हो तुम्हाला त्यानं," तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "तुमच्यासारख्या सज्जन माणसाला!" तपासनिसांनी 'चालायचंच' असं म्हटलं, आणि वर येऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

घरात एक माणूस मात्र हळहळत नव्हतं. बायकोनं ते मॅन्युअल वाचायला घेतलं होतं. भाजी निवडताना वाचायची, कुकरच्या शिट्ट्या मोजताना वाचायची. विचारलं तर म्हणाली, "घरात कोणीतरी वाचायला हवं होतं." तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं ते उघडंच त्यांच्यासमोर ठेवलं. एकशे बारावं पान होतं.

तपासनिसांनी वाचलं. काही वेळानं उठून ते खोलीच्या मधोमध उभे राहिले, खिडकीकडे तोंड केलं, दोन्ही हात पसरले. मग वळून दाराकडे तोंड केलं, पुन्हा हात पसरले. मग हात खाली घेतले.

"ठेकेदारानं विचारलं नव्हतं?" बायकोनं विचारलं.

"विचारलं होतं."

"किती वेळा?"

"दोनदा."

ती आणखी काही म्हणाली असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. कंपनीनं पानं फार लावलीत, छपाई बारीक आहे, असं काही बोलता आलं असतं. तिनं मॅन्युअल मिटलं, फडताळात ठेवलं आणि म्हणाली, "तुमचा निळा शर्ट इस्त्री करून ठेवते. उद्या लागेल."

कंपनीचं विभागीय कार्यालय दुसऱ्या शहरात होतं. वाटेत तपासनिसांनी निवेदन तयार केलं. 'अनवधानाने झालेल्या दिशाविषयक विसंगतीबाबत' अशी त्याची सुरुवात होती. बाईंना एकांतात गाठायचं, हळू आवाजात सांगायचं, उठून यायचं, एवढाच बेत. पण स्वागताच्या टेबलावरच्या मुलीला त्यांचं हळू बोलणं कळलंच नाही. तिनं त्यांना नवीन शाखा घेतलेल्यांपैकी एक समजून छातीला बिल्ला लावला, डोक्यावर कागदी टोपी घातली आणि प्रशिक्षणाच्या दालनात ढकललं. आत बावीस माणसं तशाच टोप्या घालून बसली होती. तपासनीस शेवटच्या रांगेत बसले. समोर बाई उभ्या होत्या आणि पडद्यावर चित्रं दाखवत होत्या.

चौथं चित्र त्यांच्या खिडकीचं होतं.

खिडकी, खिडकीसमोर समोरच्यांची गाडी, आणि गाडीत हात लांब केलेले समोरचे. खाली मथळा होता, 'ठेकेदाराचा निष्काळजीपणा'. दालनात हशा पिकला. दुसऱ्या रांगेतल्या एका जाड्या गृहस्थांना तर हसून हसून ठसका लागला. "म्हणून सांगते," बाई म्हणाल्या, "ठेकेदारावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा."

तपासनिसांचा हात वर गेला. तो वर गेल्याचं त्यांना स्वतःला थोड्या वेळानं कळलं.

"मॅडम, ती खिडकी माझी आहे."

बाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. "सर? तुमचं प्रशिक्षण तर कधीच झालं."

"झालं. पण मॅन्युअल वाचलं नव्हतं. फॉर्मवर खूण मी केली. चुकीच्या बाजूनं उभा राहून केली. ठेकेदारानं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तर खडूनं काढून दाखवलं. मी खुर्चीतून उठलो नाही."

हशा कुठल्या कुठे गेला.

"पण त्या दिवशी ते तिथं उभे होते," बाई म्हणाल्या. "मी सगळ्यांसमोर त्यांना बोलले. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत."

"नाही म्हणालो."

"का?"

बावीस कागदी टोप्या एकदम मागे वळल्या. तपासनिसांनी ते निवेदन आठवून पाहिलं. अनवधान, विसंगती, कार्यबाहुल्य, असे किती शब्द त्यांच्या पदरी होते! आयुष्यभर याच शब्दांनी त्यांना वेळोवेळी तारलं होतं. आज एकही कामाला येईना.

"लाज वाटली," ते म्हणाले. "तेव्हा चूक केल्याची वाटली. आता गप्प बसल्याची वाटते. ही जास्त आहे."

बाई संगणकाशी गेल्या आणि सगळ्यांसमोर मथळा खोडून नवीन टाइप केला, 'मॅन्युअल वाचणे ही फ्रँचायझीची जबाबदारी राहील'. "चित्र तसंच ठेवते, सर. उपयोगी आहे. आणि यादीचं पत्र मी आज मागे घेते. पण हे त्यांना माझ्याकडून कळायला नको. आधी तुम्ही जा."

"जातो," म्हणून तपासनीस जे निघाले ते टोपी घालूनच. बसमध्ये एका लहान मुलीनं त्यांच्याकडे फ्राइज मागितल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

ठेकेदार आपल्या घरामागच्या आवारात होता. कामं थांबलेली, त्यामुळे फावडी आणि घमेली भिंतीला ओळीनं लावून ठेवली होती, धुऊन, कोरडी करून. तपासनिसांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ठेकेदारानं ऐकून घेतलं. मग तो टेम्पोकडे गेला, पुढच्या कप्प्यातून गुंडाळी काढली आणि उलगडली. नकाशावर शिक्का होता, सही होती, तारीख होती.

"हा त्या दिवशी गाडीतच होता, साहेब."

"मग काढलात का नाही?"

"वाटलं, तुम्ही बोलाल. मग म्हटलं, चार माणसांत नाही जमलं, उद्या बोलतील. मग म्हटलं परवा." त्यानं नकाशा परत गुंडाळला. "रोज घेऊन फिरलो."

तपासनिसांना वाटलं, याच्यापेक्षा त्यानं फावडं उचललं असतं तर सोसवलं असतं.

"खिडकी फिरवून द्याल?" त्यांनी कसंबसं विचारलं. "तुमची इच्छा असली तर. नसली तरी मी समजेन."

ठेकेदारानं दोन अटी घातल्या. मी विचारीन तेव्हा खुर्चीतून उठून यायचं, ही पहिली. दुसरी ऐकून तपासनिसांचा चेहरा उतरला. "त्या समोरच्या साहेबांनाही सांगा."

बावीस टोप्यांसमोर बोलणं सोपं होतं, ती परकी माणसं. समोरच्यांचं दार वाजवायला तपासनीस तीनदा गेले आणि दोनदा परत आले. तिसऱ्यांदा दार आपोआपच उघडलं, कारण समोरचे दाराच्या भोकातून हा सगळा प्रकार बघत होते. तपासनिसांनी एका दमात सांगून टाकलं.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," समोरचे म्हणाले.

"मग ठेकेदाराला का बोललात?"

समोरचे गडबडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याजवळ सल्ला नव्हता. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "दोघांनीही जाऊन माफी मागा म्हणावं. आणि माझे पांढरे कपडे!"

भिंत फुटली. स्वयंपाकघर आरशात पाहिल्यासारखं फिरलं. त्याला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत तपासनिसांनी खुर्ची साइटवर नेलीच नाही. ठेकेदार मुद्दाम दिवसातून दहा वेळा हाक मारायचा, कधी कधी नुसता एक खिळा दाखवायला. दहाही वेळा ते गेले. इमारतीत आता त्यांच्यासाठी कोणी हळहळत नव्हतं. तळमजल्यावरच्या आजी तर तोंड फिरवायच्या. तेही त्यांना एका परीनं बरं वाटायचं. निदान आता आजी खऱ्या माणसावर रागावत होत्या.

शेवटी दुकान उघडलं. पहिल्या दिवशी खिडकीत तपासनीस स्वतः उभे होते. गाड्या येत होत्या, काच खाली होत होती, चालवणाऱ्याचा हात सरळ पेल्याशी येत होता. प्रत्येक वेळी हात पोचला की ते सुटकेचा श्वास सोडायचे, आणि गिऱ्हाइकं जरा चमकून बघायची.

अकराच्या सुमारास गल्लीत टेम्पो शिरला. ठेकेदार चालवत होता, नवीन शर्ट घातलेला. शेजारी त्याची बायको होती. तपासनिसांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पुडा पुढे केला, त्यावर आणखी एक पुडा ठेवला, तोंड भरून हसायचा प्रयत्न केला.

ती नवऱ्याच्या अंगावरून पुढे वाकली आणि त्यांच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत, सावकाश पाहिलं.

"हेच का ते?"

"हेच," ठेकेदार समोर बघत म्हणाला.

तपासनीस पुडे धरून तसेच उभे राहिले. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला.

"चेहऱ्यावरून वाटत नाही हो," ती म्हणाली, आणि हात लांब करून तिनं पुडे घेतले.